एकोणसत्तर मोटारींची गोष्ट

आज मी तुम्हाला एका मोटारीची हकीकत सांगणार आहे. गाडी आपल्याकडची नाही, अमेरिकेतली आहे, आणि ती तुमच्या-माझ्या दारात कधी उभी राहील असा संभवही नाही. मग तिची गोष्ट कशाला ऐकायची, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर असे, की या गोष्टीत एका लहानशा शेतकरी गावातला दुकानदार आहे, एक बलाढ्य कंपनी आहे, शर्यतीचा एक नियम आहे आणि न विचारलेला एक भाव आहे. एखादी वस्तू दुर्मिळ कशी होते, आणि दुर्मिळ झाल्यावर तिला मोल कशाने येते, हे या हकीकतीवरून फार चांगले समजते.

गाडीचे नाव शेवरोलेट कमॅरो झेडएल-१. यातला 'शेवरोलेट' हा शब्द आपल्या कानांना अगदीच परका नाही. शेवरोलेट गाड्या काढणाऱ्या जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता आणि तो १९५४ पर्यंत चालला. तेव्हा नाव ओळखीचे. पण मी सांगतो ती गाडी शिवडीची नव्हे. ती अमेरिकेत, ओहायओ राज्यातल्या नॉरवुडच्या कारखान्यात तयार झाली, १९६९ सालचे मॉडेल म्हणून. त्या मॉडेलच्या कमॅरो गाड्या एकूण किती निघाल्या? २,४३,०८५. आणि त्यांतल्या झेडएल-१ किती? फक्त ६९.

शिक्षक मंडळी ऐकत असतील तर त्यांनी हा हिशेब वर्गात मुलांकडून करून घ्यावा. सुमारे साडेतीन हजार गाड्यांमागे एक असे प्रमाण पडते. साल १९६९ आणि गाड्या ६९, हा मात्र निव्वळ योगायोग. ६९ गाड्या करायच्या असे कुणी ठरवलेच नव्हते. ठरली होती ती ५०. हा ५० चा आकडा कुठून आला, तेथूनच आपली गोष्ट सुरू होते.

त्याआधी 'मसल कार' म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. मसल म्हणजे स्नायू. तालमीतला पोरगा दंड वाकवून बेटकुळी दाखवतो ना, तसली ही गाडी. अंगापिंडाने फार मोठी नाही, पण आत इंजिन मात्र भलतेच मोठे. अमेरिकेत पूर्वी मोठे इंजिन मोठ्या, महागड्या गाडीत बसवीत. १९६४ च्या सुमारास पाँटियाक कंपनीने आपल्या मध्यम आकाराच्या गाडीत मोठे इंजिन घालून जीटीओ नावाची गाडी काढली. किंमत तरुण माणसाला झेपेल अशी, आणि वेग असा की बघत राहावे. गाडी धडाधड खपली आणि मग सगळ्याच कंपन्यांत चढाओढ लागली. त्याच साली एप्रिलमध्ये फोर्डने मस्टँग ही लहान, देखणी गाडी आणली. तिला उत्तर म्हणून शेवरोलेटने १९६६ च्या सप्टेंबरात कमॅरो बाजारात आणली.

आता या गाड्यांचा खरा आखाडा म्हणजे शर्यत. तिकडे 'ड्रॅग रेस' नावाची एक शर्यत असते. वळणे नाहीत, फेरे नाहीत. सरळ रस्ता, अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०० मीटर. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात, दिवा लागला की सुटतात, आणि दहा-पंधरा सेकंदांत निकाल. विदर्भातल्या श्रोत्यांनी शंकरपट पाहिला असेल. सरळ धाव आणि थोडक्यात निकाल, हा त्याचा बाणा इथेही आहे. बैलांच्या जागी इंजिने एवढेच.

या शर्यती शिस्तीने चालाव्यात म्हणून १९५१ साली अमेरिकेत नॅशनल हॉट रॉड असोसिएशन नावाची संस्था निघाली. तिने गाड्यांचे वर्ग पाडले. दुकानात मिळते तशी गाडी घेऊन जे उतरतात त्यांचा वर्ग निराळा, आणि घरी हवे ते बदल करून जे येतात त्यांचा निराळा. पण लबाडी कुठे होत नाही? एखादी कंपनी एकच अफाट गाडी बनवील आणि म्हणेल, ही आमची दुकानातलीच गाडी. म्हणून संस्थेने नियम केला, की या वर्गात उतरायचे तर तशा निदान ५० गाड्या कंपनीने तयार केलेल्या असल्या पाहिजेत. पन्नास केल्या म्हणजे ती विक्रीची गाडी. त्याहून कमी असतील तर तो खास बनवलेला नग. नियम सरळ होता, आणि ५० चा आकडा आला तो या नियमातून.

आता दुसरी बाजू बघू. जनरल मोटर्सने १९६३ च्या जानेवारीत आपल्या सगळ्या विभागांना बजावले होते, की शर्यतींच्या भानगडीत पडायचे नाही. शिवाय कमॅरोसारख्या लहान गाड्यांत ४०० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही, असाही कंपनीचा दंडक होता. म्हणजे ज्यांना जोरदार गाडी हवी, त्यांच्या वाटेवर कंपनीनेच कुंपण घातलेले.

पण कुंपण म्हटले की त्याला कुठेतरी फट असतेच. शेवरोलेटच्या कारभारात खास मागणीची एक पद्धत होती. तिचे नाव सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'कोपो' म्हणत. ही पद्धत मुळात होती टॅक्सीवाल्यांसाठी, पोलिसखात्यासाठी, एकदम पुष्कळ गाड्या घेणाऱ्या संस्थांसाठी. एखाद्या शहराच्या पोलिसांना जाड गाद्या हव्यात, कुणाला निराळा रंग हवा, तर साध्या यादीत नसलेली वस्तू मध्यवर्ती कचेरीच्या मंजुरीने घालून मिळे. कंपनीतला व्हिन्स पिगिन्स नावाचा एक अधिकारी होता. शर्यतवाल्यांशी त्याची ऊठबस असे. पोलिसांच्या गाद्यांसाठी ठेवलेल्या या दारातून मोठे इंजिनही बाहेर काढता येईल, हे त्याने ओळखले.

आणि आता येतो आपला दुकानदार. नाव फ्रेड गिब. इलिनॉय राज्यात ला हार्प नावाचे गाव आहे. वस्ती दीड हजाराच्या आत. आजूबाजूला मका आणि सोयाबीनची शेते. आपल्याकडे एवढ्या वस्तीला आपण खेडेच म्हणू. त्या गावात गिबची शेवरोलेटची एजन्सी होती. शेतकऱ्यांना मालमोटारी आणि कुटुंबाच्या गाड्या विकायच्या, दुरुस्ती करायची, असा त्याचा धंदा. पण शर्यतीचा नाद मोठा. आदल्या वर्षी, १९६८ साली, त्याने शर्यतीच्या नियमात बसाव्यात म्हणून 'नोव्हा' जातीच्या ५० गाड्या याच कोपो पद्धतीने कंपनीकडून करवून घेतल्या होत्या. डिक हॅरेल नावाचा नामांकित शर्यतपटू त्याचा जोडीदार होता.

तर गिबने पिगिन्सशी बोलणे केले, की शेवरोलेटचे सगळ्यांत जबर इंजिन कमॅरोत घालून द्या. कंपनीचे म्हणणे पडले, तुम्ही ५० गाड्या घेत असाल तर देतो. आणि त्या लहान गावच्या माणसाने ५० गाड्यांची मागणी नोंदवली. मागणीचा क्रमांक ९५६०. इंजिनाचे सांकेतिक नाव झेडएल-१.

हे इंजिन होते तरी कसे? तुमच्यापैकी पुष्कळांनी विहिरीवरचे ऑइल इंजिन उघडलेले पाहिले असेल. त्याचा ब्लॉक बिडाचा असतो, म्हणजे ओतीव लोखंडाचा. त्यात लायनर, लायनरमध्ये पिस्टन, आणि वर हेड. झेडएल-१ मध्ये ब्लॉकही ॲल्युमिनियमचा आणि हेडही ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम मऊ, पिस्टनच्या घासण्याला टिकणार नाही, म्हणून आत लोखंडी लायनर बसवलेले. सिलिंडर आठ. आठही पिस्टन मिळून जी जागा व्यापतात ती ४२७ घनइंच, म्हणजे ७ लिटर. आपली जुनी अँबॅसडर आठवा. तिचे इंजिन दीड लिटरचे होते.

मग ॲल्युमिनियम कशासाठी? वजनासाठी. तेवढ्याच आकाराच्या बिडाच्या इंजिनापेक्षा हे सुमारे १०० पौंडांनी, म्हणजे ४५ किलोंनी हलके. जवळजवळ अर्धे पोते ज्वारी कमी झाली म्हणा ना. बैलगाडी हाकणाऱ्याला याचे महत्त्व सांगायला नको. गाडी धुरजड झाली तर बैलांच्या मानेवर ओझे, आणि उलाळ झाली तर जू वर उचलले जाते. मोटारीतही भार कुठे पडतो याला फार किंमत आहे. या गाडीची मागची चाके जोर लावणारी. पुढे इंजिनाचे ओझे जास्त झाले, की मागची चाके जमिनीला नीट धरत नाहीत, नुसती गरगर फिरतात आणि टायर जळतात. इंजिन हलके झाले की तोच जोर रस्त्याला लागतो.

हे इंजिन काही ला हार्पसाठी जन्मले नव्हते. तसल्याच ॲल्युमिनियमच्या इंजिनावर न्यूझीलंडच्या ब्रूस मॅकलॅरनच्या शर्यतगाड्या १९६८ साली कॅन-ॲम नावाच्या मोठ्या शर्यतींत धावत होत्या आणि जिंकत होत्या. न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडाच्या कारखान्यात ही इंजिने हातांनी जोडत. धुळीचा कण आत जाऊ नये म्हणून खोली दवाखान्यासारखी स्वच्छ ठेवलेली, आणि एका इंजिनाच्या जोडणीला सुमारे १६ तास लागत.

कंपनीने कागदावर जोर लिहिला ४३० अश्वशक्ती. विहिरीवर ५ अश्वशक्तीचे इंजिन असेल, तर अशी ८६ इंजिने एका गाडीच्या नाकात बसवली असे समजा. प्रत्यक्ष जोर ५०० च्या वर होता, हे जाणकार तेव्हाही ओळखून होते. दुकानातून निघाली तशीच गाडी पाव मैल सुमारे १३ सेकंदांत तोडी. शर्यतीचे टायर चढवून, धुराचे पाइप बदलून आणि इंजिन नीट लावून घेतले, की तोच पल्ला १२ सेकंदांच्या आत येई.

आणि एवढे सगळे असून गाडी दिसायला अगदी साधी. अंगावर पट्टे नाहीत, इंजिनाचे नाव सांगणारी पाटी नाही, चाकांना साध्या टोप्या. पुढच्या झाकणाचा उंचवटा सोडला, तर शेजाऱ्याला वाटावे की कुणी मास्तर आपली गाडी घेऊन बाजाराला निघाले आहेत.

अमेरिकेत पुढच्या सालाचे मॉडेल आदल्या सालच्या शरद ऋतूतच बाजारात येते. म्हणून १९६९ ची ही गाडी १९६८ च्या डिसेंबरअखेर, ऐन थंडीत, ला हार्पला येऊन पोचली. गाडीबरोबर बिजक आले. आणि बिजक पाहून गिबच्या पायाखालची जमीन सरकली.

त्याची अटकळ होती, की गाडी ४,९०० डॉलरच्या आसपास पडेल. बिजकाप्रमाणे गाडीची छापील किंमत निघाली ७,२६९ डॉलर. साधी आठ सिलिंडरांची कमॅरो २,७२७ डॉलरला मिळत होती. नुसत्या झेडएल-१ इंजिनाचे जादा लावले होते ४,१६० डॉलर. म्हणजे सबंध गाडीच्या दीडपट किंमत एकट्या इंजिनाची! आपल्याकडे म्हणतात ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तशी गत झाली. त्या वेळी एक डॉलर म्हणजे साडेसात रुपये. तेव्हाच्या आपल्या हिशेबाने गाडी साडेचोपन्न हजार रुपयांची झाली. शेवरोलेटची सगळ्यांत भारी समजली जाणारी कॉर्व्हेट हिच्यापेक्षा पुष्कळ स्वस्त होती.

भाव असा का चढला? पूर्वी अशा खास इंजिनाचा संशोधनाचा आणि घडणीचा खर्च कंपनी एकूण कारभारात वाटून टाकीत असे. कमॅरो घेणाऱ्या अडीच लाख गिऱ्हाइकांत तो विरघळून जाई. नेमके त्याच सुमारास धोरण बदलले. ज्या वस्तूचा खर्च, त्या वस्तूच्याच किमतीत धरायचा, असे ठरले. हिशेब म्हणून पाहिले तर यात गैर काही नाही. पण अडीच लाखांत वाटला जाणारा खर्च जेव्हा काही डझन गाड्यांच्या माथी पडतो, तेव्हा त्या गाड्या कोण घेणार?

श्रोतेहो, येथे घटकाभर थांबून त्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. दीड हजार वस्तीचे गाव. गिऱ्हाईक शेतकरी, किंवा मोटारीचे वेड असलेला तरुण. आणि दुकानाच्या नावावर ५० गाड्या. छापील भावाने जोडले तर ३,६३,४५० डॉलर होतात. तेव्हाच्या दराने सत्तावीस लाख रुपयांवर. दुकानदाराला मिळणारी सूट वजा केली, तरी एका गावच्या धंद्याला हे ओझे पेलणारे नव्हे. माल चांगला होता, माणूस प्रामाणिक होता, मागणी नोंदवतानाचा उत्साहही खरा होता. पण अटकळीचा भाव आणि बिजकाचा भाव यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडले, आणि सगळे दुकान त्या अंतरावर टांगले गेले.

गिबने कंपनीकडे धाव घेतली. दुकानदाराने मागवलेल्या गाड्या कंपनी सहसा परत घेत नाही. येथे मात्र तिने ऐकले. ५० पैकी ३७ गाड्या कंपनीने परत घेतल्या आणि देशभरच्या दुसऱ्या दुकानदारांकडे धाडल्या. गिबकडे उरल्या १३. दरम्यान या गाडीची कुणकुण लागून इतर दुकानदारांनी आणखी १९ मागवल्या होत्या. ५० आणि १९ मिळून ६९. हा आकडा पडला तो असा. कुणी मुहूर्त पाहून, मोजून-मापून 'दुर्मिळ' गाड्या काढल्या नव्हत्या. नियमासाठी ५० झाल्या, हौसेने १९ झाल्या, आणि भावाने पुढची वाट बंद केली.

दुसऱ्या दुकानांत गेल्या म्हणून गाड्या लगेच खपल्या असेही नाही. काही पुढच्या सालापर्यंत आणि त्याच्याही पुढे पडून राहिल्या. काही दुकानदारांनी तर कंटाळून तो ॲल्युमिनियमचा दागिना बाहेर काढला, त्या जागी साधे बिडाचे इंजिन बसवले आणि गाडी बेताच्या भावाने विकून टाकली. ज्या गाड्या शर्यतवाल्यांच्या हाती गेल्या त्यांचे हाल निराळे. शर्यतीत इंजिने फुटतात, दांडे मोडतात, पत्रे कापले जातात. ज्याला रविवारची शर्यत जिंकायची असते, तो पन्नास वर्षांनंतरच्या संग्राहकाचा विचार करीत नाही, आणि त्याने तो का करावा? गाडी पळवण्यासाठीच तर केली होती!

यानंतर काळच पालटला. १९७० साली अमेरिकेत हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा झाला. १९७१ पासून जनरल मोटर्सने इंजिनांचा दाब कमी केला, म्हणजे ती हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर चालावीत. विमा कंपन्यांनी जोरदार गाड्यांचे हप्ते तरुणांना परवडणार नाहीत इतके चढवले. आणि १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली, तेव्हा पंपांपुढे रांगा लागल्या. सात लिटरच्या इंजिनाचे कौतुक करायला कुणाला सवड राहिली नाही. दहा वर्षांत फुललेला मसल कारचा हंगाम ओसरला.

मग पुढे काय झाले? जी पोरे त्या काळी दुकानाच्या काचेला नाक लावून या गाड्या बघत होती, ती मोठी झाली, हातात पैसा आला, आणि तारुण्यात न मिळालेली वस्तू त्यांना हवीशी झाली. झेडएल-१ ची शोधाशोध सुरू झाली. जी गाडी ७,२६९ डॉलरला कुणी घेईना, तिला पुढे लिलावांत लाखो डॉलर येऊ लागले. त्या ३७ गाड्या ज्याने परत पाठवल्या, त्याच्या पदरात या वाढीतला एक डॉलरही पडला नाही. तरी त्याला कुणी दोष देऊ नये. त्या दिवशी दुकान वाचवणे हेच शहाणपण होते.

आता एक मजेची पण महत्त्वाची गोष्ट. वस्तूला भाव आला की तिची नक्कल निघते. साध्या कमॅरोत मोठे इंजिन घालून 'हीच ती' म्हणणारे काही कमी नाहीत. मग खरी-खोटी ओळखायची कशी? प्रत्येक गाडीवर कारखान्याचा क्रमांक ठोकलेला असतो. १९६९ च्या कमॅरोच्या क्रमांकात साल कळते, आठ सिलिंडरांची गाडी आहे हे कळते, आणि 'एन' हे अक्षर असले तर ती नॉरवुडची आहे हेही कळते. पण आठ सिलिंडरांचे नेमके कोणते इंजिन, हे त्या क्रमांकात लिहिलेले नाही. अडीच लाखांतल्या साध्या गाडीचा क्रमांक आणि ६९ मधल्या एकीचा क्रमांक, दोन्ही सारख्याच घाटाचे.

म्हणून जाणकार दोन गोष्टी बघतात. एक, इंजिनावर ठोकलेला आकडा गाडीच्या आकड्याशी जुळतो की नाही. आणि दुसरी, कागद. कारखान्याचे बिजक, दुकानाची नोंद, मागणीचा क्रमांक ९५६०, पहिल्या गिऱ्हाइकाची पावती. ज्या कागदाने गिबच्या पायाखालची जमीन सरकली, तशाच कागदावर आज गाडीचा खरेपणा ठरतो. आपल्याकडे जमीन कितीही कसदार असो, सातबारा बघितल्याशिवाय शहाणा माणूस व्यवहार करतो का? तसेच हे.

तर मग सांगा, या गाडीला मोल कशाने आले? नुसत्या कमीपणाने आले म्हणावे, तर जगात कमी संख्येने झालेल्या आणि कुणी न विचारलेल्या वस्तू ढिगाने पडल्या आहेत. गावच्या सुताराने केलेला वेडावाकडा पाट एकच असतो, म्हणून त्याला कुणी लाख रुपये देत नाही. झेडएल-१ च्या ठिकाणी तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली, वस्तू मुळात अव्वल होती. साध्या रस्त्यावरच्या गाडीत शर्यतीच्या मैदानातले इंजिन होते. दुसरी, ती थोडी झाली आणि काळ पालटल्यामुळे तशी पुन्हा होणे थांबले. तिसरी, ती किती झाली, कुठे गेली, याची नोंद राहिली. यातली एक जरी गोष्ट नसती, तरी आज ती भंगारात तरी असती किंवा नकलांच्या गर्दीत हरवली असती.

शेवरोलेट कंपनीलाही पुढे या गोष्टीचे महत्त्व पटले. २०१२ साली तिने झेडएल-१ हे नाव एका नव्या कमॅरोला दिले. त्याच साली ड्रॅग शर्यतीसाठी कोपो नावाने खास कमॅरो काढल्या, आणि त्या किती काढल्या असतील? बरोबर ६९. या खेपेला मात्र आकडा आधी ठरवला होता आणि घेणारे रांगेत उभे होते. कमॅरोचे उत्पादन २०२३ च्या डिसेंबरात थांबले.

गुरुजींना एक सुचवावेसे वाटते. पाचवी-सहावीच्या मुलांना ही गोष्ट सांगून गावात एक पाहणी करायला लावावी. गावातले पहिले ऑइल इंजिन कोणते, पहिला ट्रॅक्टर कुणी आणला, पहिली सार्वजनिक मोटार कोणत्या साली आली, आणि त्याची पावती, परवाना किंवा छायाचित्र कुणाच्या पेटीत आहे का. पुष्कळ घरांत असले कागद दिवाळीच्या साफसफाईत बंबात जातात. यंत्र भंगारात गेले तर निदान त्याचा कागद तरी मुलांच्या वहीत उतरून राहील. त्याला पुढे किंमत येईल की नाही, ते आज कुणी सांगू शकणार नाही. १९६९ साली ला हार्पच्या दुकानात उभ्या असलेल्या गाड्यांकडे पाहूनही ते कुणाला सांगता आले नव्हते.

आणि धंदा करणाऱ्या मंडळींना एवढेच, की माल कितीही अव्वल असो, मागणी नोंदवण्याआधी भाव लिहून घ्यावा.